एक कॉल शिल्लक

१

आमच्या धंद्यात काहीही बंद करण्याआधी ते रिकामं करावं लागतं. एखाद्या इमारतीतला राऊटर काढायचा असेल, तर त्यातून जाणारी सगळी वर्दळ आधी दुसऱ्या वाटांवर वळवायची, आकडा शून्यावर येईपर्यंत डोळ्यांत तेल घालून बसायचं, आणि मगच तिथल्या माणसाला सांगायचं, काढ वायर. चौदा वर्षं मी हेच करते आहे. कंट्रोल रूममध्ये सहा स्क्रीन, कानाला हेडसेट आणि अंगात गारठा भरवणारा एसी. नातेवाइकांना वाटतं मी काहीतरी फार मोठं करते. खरं म्हणजे मी वाहतूक पोलीस आहे, फक्त शिट्टी दिलेली नाही.

आमच्या जाळ्यात प्रत्येक पॅकेटला, म्हणजे बोलण्याच्या बारीक तुकड्याला, शिरतानाच एक लेबल चिकटतं. लेबल म्हणजे नुसता आकडा. मधला राऊटर पॅकेटच्या आत डोकावत नाही, कुठून आलास, कुठे चाललास असं विचारत नाही. तो आकडा बघतो, त्या जागी पुढच्या टप्प्याचा आकडा लावतो आणि ढकलून देतो. दोन वाटा सारख्याच लांबीच्या असल्या तर लोड निम्मा निम्मा वाटायचा. मात्र एका माणसाचं बोलणं दोन वाटांवर कधीही वाटायचं नाही, एका संभाषणाची सगळी पॅकेट्स एकाच वाटेने न्यायची. नवीन आलेल्यांना मी पहिल्या दिवशी एवढंच शिकवते.

त्या दिवशी गावाच्या दुसऱ्या टोकाचं जुनं एक्स्चेंज बंद व्हायचं होतं. संध्याकाळी सहाला तिथली वीज कायमची तोडणार होते, कारण इमारत दुसऱ्या कुणाच्या ताब्यात जायची होती. तळघरात राऊटरपाशी उभा होता माझा धाकटा भाऊ, ढब्बू. लहानपणी गोल होता म्हणून ढब्बू. आता हाडं मोजून घ्यावीत असा झालाय, पण नाव सुटलं नाही. तो माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो दुसरीत होता. त्याला मीच वाढवलं, मीच ओरडले, आणि या कंपनीत मीच चिकटवलं. तो कामावर रुजू झाला त्या सकाळी आई मला म्हणाली होती, "तुझ्या हवाली केलाय हं." मी हसून सोडून दिलं होतं.

दुपारी तीनपर्यंत सगळे आकडे शून्यावर आले. एक सोडून. लेबल चारशे एकाहत्तर. अगदी बारीक प्रवाह, एका फोन कॉलएवढा.

तळघरात मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून ढब्बू तिथल्याच फोनवरून बोलत होता आणि तो फोन त्याच राऊटरवर होता. मी म्हटलं, अरे गाढवा, तो कॉल म्हणजे तूच आहेस, ठेव फोन. त्याने ठेवला. आकडा तसाच राहिला. पाच मिनिटांनी त्याने पुन्हा फोन केला. आता एकाचे दोन कॉल दिसायला हवे होते. तरी आकडा एकाचाच.

म्हणजे तो बोलत असताना एक कॉल होता, आणि त्याने फोन ठेवला तरी एकच होता. मी मोजणीत चूक असेल असं धरलं. आमच्याकडे दर दोन दिवसांनी मोजणीत चूक असते.

२

मी त्याला म्हटलं, चारशे एकाहत्तरची वायर कुठे जाते ते बघ. त्याने तपासणीचा बिनतारी हँडसेट कमरेला लावला, टॉर्च घेतला आणि वायरचा माग धरला. वायर रॅकच्या मागून भिंतीतल्या भोकात शिरत होती. भोकाशेजारी दार होतं.

माझ्यासमोर त्या तळघराचा नकाशा उघडा होता. तीन खोल्या. तो तिसऱ्या खोलीत होता, म्हणजे त्या भिंतीपलीकडे माती असायला हवी होती.

"दार आहे म्हणतोस ते कपाटाचं असेल," मी म्हटलं.

"खोली आहे, ताई. रॅक आहे, राऊटर चालू आहे. दिवेपण चालू आहेत."

नकाशे जुने असतात, दुरुस्त्या कुणी लिहून ठेवत नाही. हे कारण मला लगेच सुचलं आणि मी त्यावर विश्वासही ठेवला. त्याच वेळी मी चारशे एकाहत्तरवर ट्रेस लावला होता. ट्रेस म्हणजे पॅकेट वाटेत कुठेकुठे थांबलं त्याची यादी. यादीत तीन ओळी होत्या. ढब्बू म्हणाला, आलो आत, आणि चौथी ओळ उमटली. त्या ओळीला नाव नव्हतं, नुसता आकडा होता.

पुढे आणखी एक दार होतं. त्याने ते उघडलं. पाचवी ओळ.

सहाव्या खोलीत गेल्यावर तो गमतीने म्हणाला, इथे माणसं बसायची विसरलीत बहुतेक, सगळं झाडूनपुसून ठेवलंय, एका यंत्रावर धूळ नाही. प्रत्येक राऊटरच्या पट्टीवर एक आकडा दिसत होता आणि खोलीगणिक तो बदलत होता. तो मोठ्याने वाचायचा. तोच आकडा माझ्या यादीत उमटायचा, पण त्याने वाचल्यावर थोड्या वेळाने. आधी वाटलं यादी हळू चालली आहे. मग ध्यानात आलं की माझ्या प्रश्नाला त्याचं उत्तरही उशिरा येतंय. आधी दोन सेकंद, मग आठ.

उशीर का होतो ते मला चांगलं माहीत आहे. अंतर वाढलं की उशीर वाढतो. आठ सेकंदांत पॅकेट पृथ्वीला कित्येक फेऱ्या मारून येईल. मी हा हिशोब एकदा केला, परत एकदा केला. तोच आला.

"ढब्बू, मागे फिर," मी म्हटलं. "राहू दे ती वायर."

मधल्या शांततेत सातव्या दाराचा आवाज आला, मग आठव्याचा. त्यानंतर तो म्हणाला, "का गं? काय झालं?"

३

तो मागे फिरतो म्हणाला, पण आवाज तुटायला लागला. शब्दांचे तुकडे येऊ लागले, मधले तुकडे गायब. स्क्रीनवर ती वाट काठोकाठ भरलेली दिसत होती, शंभर टक्के. एका माणसाच्या बोलण्याने वाट भरत नाही. जिथे हजार कॉल मावतात तिथे एकट्या ढब्बूला जागा नव्हती.

मग त्याचा आवाज बंदच पडला. पंधरा सेकंद, वीस सेकंद. मी त्याला हाका मारत होते आणि त्या हाका त्याच भरलेल्या वाटेत कुठेतरी रांगेत उभ्या होत्या.

त्या वेळी मी जे केलं ते कुणा शिकाऊ पोराने केलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं. चारशे एकाहत्तरला एक दुसरी वाट जोडली, तेवढ्याच लांबीची, आणि सांगितलं की एक पॅकेट इकडून ने, एक तिकडून ने. एकाच माणसाचं बोलणं मी निम्मं निम्मं वाटून टाकलं. विचार केला नाही असं नाही. विचार केला, नियम आठवला, आणि म्हटलं नियम गेला खड्ड्यात, मला माझा भाऊ ऐकू यायला हवा.

आवाज लगेच स्वच्छ झाला. "आता छान ऐकू येतंय," तो म्हणाला. "निघालो. चौथ्या खोलीत आलो. तिसऱ्या."

माझ्या जिवात जीव आला. पाच मिनिटांनी त्याचा मोबाइलवरून फोन आला, तो फाटकाशी पोचला होता. मागे रखवालदाराचा खोकला ऐकू येत होता, रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या. मी त्याला म्हटलं, तिथे एक मिनिट थांबू नकोस, सरळ माझ्याकडे ये. वायरी उद्या कुणीही काढेल.

फोन ठेवल्यावर मी स्क्रीनकडे पाहिलं. चारशे एकाहत्तरवर अजून एक कॉल होता. हेडसेट गळ्यात पडला होता आणि त्यातून बारीक आवाज येत होता. मी तो कानाला लावला.

"ताई, ऐकू येतंय का? दार उघडलं तर वेगळीच खोली निघाली. मगाचची नाही ही. ताई?"

४

ढब्बू साडेचारला कंट्रोल रूममध्ये आला. मी उठून त्याचे दंड धरले, चेहरा पाहिला, केसांतून हात फिरवला. तोच होता. घामाचा वासही त्याचाच. मी इतकी मूर्ख आहे की मला रडू आलं. तो म्हणाला, अगं काय, तळघरात तर गेलो होतो.

हेडसेटमध्ये तेव्हा तोच चालत होता. एक दार, थोडी पावलं, दुसरं दार.

आधी मला वाटलं हे साठलेलं बोलणं आहे, मघाचं, उशिरा पोचतंय. उशिराच्या बोलण्याला अंत असतो. म्हणून मी मायक्रोफोनमध्ये विचारलं, "ढब्बू, आपल्या वडिलांच्या स्कूटरचा रंग कुठला होता? आणि तुझ्या गुडघ्यावरची खूण कशाची?" तोच प्रश्न मी शेजारी बसलेल्यालाही विचारला.

शेजारचा म्हणाला, "हिरवा." मी गुडघ्याचं पुन्हा विचारलं. तो माझ्याकडे असा बघत राहिला जणू मी काही बोललेच नाही. मी त्याची पँट वर केली आणि खुणेवर बोट ठेवलं. त्याने बोटाकडे पाहिलं, खुणेकडे पाहिलं. "असेल काहीतरी," म्हणाला.

मी आणखी विचारत गेले. त्याला पहिली शाळा आठवत होती, दुसरी नाही. माझं लग्न आठवत होतं, ते मोडलं ते नाही. वडील आठवत होते. ते गेले हे त्याला माहीत नव्हतं, आणि ते मला त्याला सांगवलं नाही.

बारा मिनिटांनी हेडसेटमधून उत्तर आलं. "गुडघ्याचं काय विचारतेस? तूच सायकलवरून पाडलंस की मला, आणि आईला सांगू नको म्हणून गोळ्या दिल्यास. पण स्कूटर कसली? आपल्याकडे कधी स्कूटर होती, ताई?"

एक पॅकेट इकडून, एक तिकडून. मी मशीनला जे सांगितलं होतं ते त्याने चोख केलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझा भाऊ माझ्या शेजारी निम्मा बसला होता आणि उरलेला निम्मा जमिनीखाली कुठल्या खोल्यांतून चालला होता, हे वाक्य मी मनात म्हणून पाहिलं आणि स्वतःलाच सांगितलं की तुला झोप कमी पडते आहे. पण मी रात्री आठ तास झोपले होते. मला ताप नव्हता. मी घड्याळ बघत होते, आकडे लिहीत होते, आणि ते आकडे बरोबर होते.

५

मी वाटणी परत घेऊ शकत होते. एक कळ दाबायची की दोनातली एक वाट बंद होते. पण बंद वाटेवर जे असेल ते गळून पडतं, ते दुसऱ्या वाटेवर उडी मारत नाही. दोघांना जोडायचं तर दोघांनी एकाच मुक्कामाला पोचायला हवं होतं, आणि तेही सहाच्या आत. सहानंतर त्या इमारतीत वीज नव्हती.

पाच वाजता आईचा फोन आला, रोजच्यासारखा. तिने विचारलं, ढब्बू जेवला का. मी म्हटलं इथेच आहे, बोल. त्याने फोन घेतला, दोन-तीन वाक्यं बोलला, हसला. मी बघत होते. मला वाटलं आईला काही कळणार नाही, तिला कानांनी कमी ऐकू येतं. त्याने फोन माझ्याकडे दिला.

आई म्हणाली, "आता त्याला दे."

"कुणाला?"

"ढब्बूला. मघापासून वाट बघतेय मी."

मी काहीतरी थाप मारली आणि फोन ठेवला. शेजारी तो नखं बघत बसला होता. मला त्याची भीती वाटली आणि त्याच क्षणी स्वतःची शरम वाटली. त्याचं यात काय चुकलं होतं?

"ताई," तो म्हणाला, "ते बंद कर ना आता. मी आलोय ना."

मी हेडसेट कानावर दाबला. हेडसेटमधला आता थकला होता. एकेका बोलण्याला माझ्यापर्यंत यायला नऊ मिनिटं लागत होती, माझं त्याच्याकडे जायला नऊ. तो म्हणत होता की मागे फिरलं की मागची खोली नसते, नवीनच असते. तो घाबरला होता पण मला ते कळू द्यायचं नव्हतं, म्हणून मधूनमधून शीळ घालत होता. त्याला कधीच धड शीळ घालता आली नाही.

आणि तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. लेबलची वाट एकतर्फी असते. जाण्याची वाट बांधली म्हणजे येण्याची आपोआप होत नाही, ती उलट दिशेने वेगळी बांधावी लागते, टप्प्याटप्प्याने. चौदा वर्षं लोकांना शिकवलेली गोष्ट. मी त्याला पंचवीस वेळा मागे फिर म्हटलं, आणि मागे वाटच नव्हती, कारण मी ती बांधली नव्हती.

६

मी परतीची वाट बांधली. यादीतला शेवटचा आकडा घेतला, तिथून सुरुवात केली, मधल्या प्रत्येक निनावी ओळीला पुढचा आकडा दिला. मुक्काम म्हणून माझ्या स्वतःच्या खोलीचा पत्ता लिहिला. कंट्रोल रूम, हे टेबल. दुसरा पत्ता मला सुचलाच नाही. त्याच्या आवाजाची वाट मात्र होती तशीच ठेवली, तिला हात लावायची माझी हिंमत नव्हती. म्हणजे तो कितीही जवळ आला तरी त्याचं बोलणं मला नऊ मिनिटं जुनं ऐकू येणार होतं.

मग मायक्रोफोनमध्ये सावकाश बोलले. "ढब्बू, नीट ऐक. तू असशील त्या खोलीतल्या राऊटरच्या पट्टीवर आता नवा आकडा येईल. ज्या दारावर तोच आकडा असेल ते दार उघड. पुढच्या खोलीत पुन्हा नवा आकडा असेल. विचार करू नकोस, मला विचारू नकोस, कुठे चाललोय ते बघू नकोस. फक्त आकडा बघ आणि चाल."

पाच बारा झाले होते. साडेपाचला उत्तर आलं. "बरं ताई. दिसला आकडा. चाललो."

दारं आता भरभर वाजायला लागली. मी एकेक मोजत होते. शेजारचा उठला, पाणी आणतो म्हणाला आणि खाली गेला. तो गेला ते मला बरंच वाटलं.

पाच बेचाळीसला साहेबांचा फोन आला. चारशे एकाहत्तर अजून का वाजतोय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं एक कॉल शिल्लक आहे. ते म्हणाले एका कॉलसाठी इमारत अडवून धरायची का, तोडून टाका, ज्याचा असेल तो परत लावेल. मी म्हटलं, सर, याला परत लावता येणार नाही. त्यांनी आवाज चढवला, मीही चढवला. चौदा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना तुम्ही गप्प बसा असं म्हटलं. त्यांनी फोन आपटला. सहा म्हणजे सहा, एवढं मात्र आधी सांगितलं.

पाच एक्कावन्नला हेडसेटमध्ये ढब्बूचा आवाज आला. "ताई, आकडा संपला. इथल्या यंत्रावर काहीच उमटत नाही. एकच दार आहे."

मी आनंदाने टेबलावर मूठ मारली. आमच्याकडे मुक्कामाच्या एक टप्पा आधी लेबल काढून टाकतात. पुढे त्याची गरज नसते. ज्या खोलीत आकडा नाही तिच्यापुढचं दार म्हणजे मुक्काम. तो आला होता.

दार उघडल्याचा आवाज आला. त्यामागून एसीची घरघर, मधेच एक टिक करून थांबणारी. ती घरघर मी चौदा वर्षं ऐकते आहे.

"अगं, तू इथेच आहेस की," तो म्हणाला. हसलाही, दमलेलं हसू. "पाठमोरी बसलीयस. कुणाशी तरी फोनवर भांडतेयस." दोन पावलं वाजली. मग त्याने मला हाक मारली, अगदी जवळून, घरी मारतो तशी. "ताई."

मी गर्रकन वळले. खोली रिकामी होती. मागचं दार लोटलेलं होतं.

हे बोलणं नऊ मिनिटं जुनं होतं. मला पाच बेचाळीस आठवलं. साहेब ओरडत होते, मी ओरडत होते, आणि माझ्या मागे कुणीतरी ताई म्हटलं होतं. मला वाटलं, पाणी आणायला गेलेला परत आला. मी वळले नाही. मी हात वर केला, गाड्या थांबवतात तसा.

हेडसेटमध्ये आता माझा आवाज आला, थोड्या अंतरावरून, वैतागलेला.

"थांब ना जरा. बाहेर थांब. आत्ता नको."

मग ढब्बू म्हणाला, "बरं ताई. थांबतो बाहेर." आणि दार हळूच लागलं. मी कामात असले की तो दार नेहमी हळूच लावतो.

मी हेडसेटची वायर ताणून दारापर्यंत गेले आणि दार उघडलं. बाहेर कॉरिडॉर होता, लिफ्ट होती, आणि लिफ्टमधून तो येत होता, दोन्ही हातांत पाण्याचे पेले. बाहेर कुणी होतं का, मी विचारलं. तो म्हणाला, कुणी नाही. हेडसेट काढून मी त्याच्यामागच्या जिन्यात डोकावले, वरच्या मजल्यावर जाऊन आले, बाथरूमची दारं ढकलली. मग परत धावत येऊन मायक्रोफोन तोंडाशी धरला आणि म्हटलं, ढब्बू, बाहेर थांबू नकोस, आत ये, मी वळते, मी इकडेच बघतेय, आत ये.

तेव्हा घड्याळात पाच त्रेपन्न झाले होते. नऊ मिनिटं धरली तर हे त्याला सहा वाजून दोन मिनिटांनी ऐकू जाणार होतं.

मी साहेबांना फोन लावला. त्यांनी उचलला हे त्यांचे उपकार. मी म्हटलं, मला पाच मिनिटं द्या, नोकरी घ्या पण पाच मिनिटं द्या, माझा भाऊ आहे तिथे. ते गोंधळले. त्यांनी विचारलं, तुमचा भाऊ तिथून कधीच निघाला ना, रखवालदाराने सही घेतलीय. मी म्हटलं निम्माच निघालाय. यावर ते काय म्हणाले ते मी ऐकलं नाही, ऐकून उपयोगही नव्हता, कारण वीज तोडणारा माणूस त्यांच्या हातात नव्हताच. तो दुसऱ्याच कुणाचा होता, त्याचा नंबर कुणाकडेच नव्हता.

मी बोलत राहिले. आत ये. ढब्बू, आत ये. शेजारचा पाण्याचा पेला पुढे करून उभा होता आणि काळजीने माझ्याकडे बघत होता. त्याला माझी काळजी वाटत होती, हे खोटं नव्हतं.

सहा वाजले आणि चारशे एकाहत्तर शून्यावर आला. हेडसेटमध्ये घरघरसुद्धा उरली नाही.

शून्य झालं तरी मी दोन मिनिटं बोलत होते. माझी सगळी बोलणी अजून वाटेतच होती, एकही त्याच्यापर्यंत गेलं नव्हतं. त्याला माझ्याकडून शेवटचं जे ऐकू गेलं, ते "आत्ता नको" एवढंच.